इलेक्ट्रिक गाडीच्या दाराची काच अडकली आहे : रेग्युलेटर गावातच बदलावा की गाडी घाटावर न्यावी?

सुरंगी (गुहागर), ७ जुलै, रात्री ९.१०

नमस्कार. आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या चालकाच्या बाजूची काच धोपावेच्या जेटीवर तिकिटासाठी खाली केली, ती पुन्हा वर आली नाही. वर करण्याचे बटण दाबले की दाराच्या आतून मोटार फिरल्याचा आवाज येतो, पाठोपाठ काहीतरी करकरते आणि काच पुढच्या बाजूने खाली कलते. बाकीच्या तिन्ही काचा व्यवस्थित चालतात. सध्या दोघांनी तळहात लावून काच वर ओढली आहे आणि चिकटपट्टीने चौकटीला अडकवून वरून प्लास्टिकचा कागद बांधला आहे. पण आपल्याकडचा जुलै कसा असतो, हे इथे कोणाला सांगायला नको.

गाडीची सर्वसाधारण वॉरंटी संपली असून बॅटरीची अजून चालू आहे. गावातल्या ज्या फिटरनी आमच्या आधीच्या डिझेल गाडीचे काच वर-खाली करणारे मशीन (रेग्युलेटर) बदलले होते, ते या गाडीला हात लावायला तयार नाहीत. दार खोलताना शॉक बसला तर काय, असे ते विचारतात. अधिकृत सेवा केंद्राने गाडी घाटावर आणायला सांगितले आहे, आणि सुटा भाग कधी येईल हे मात्र त्यांना सांगता येत नाही. अशा काचेने भर पावसात कुंभार्ली घाट चढण्याची माझी तयारी नाही.

या दारात खरोखर शॉकचा धोका आहे का, केवळ काच ओढणारी तार बदलून काम भागते की पूर्ण रेग्युलेटर घ्यावा लागतो, आणि आमच्या फिटरना हे काम करायला मी सांगावे का, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

रत्नदुर्ग (रत्नागिरी), ७ जुलै, रात्री ९.५२

सुरंगीताई, मोटार फिरल्याचा आवाज येतो हे आपण नेमके सांगितलेत, त्यामुळे निदान सोपे झाले. आवाज येतो याचा अर्थ फ्यूज, बटण आणि मोटार यांच्यापर्यंत वीज पोहोचते आहे आणि दोष त्यापुढच्या यांत्रिक भागात आहे.

आजच्या बहुतेक गाड्यांत काच तारेने ओढली जाते. मोटारीच्या दात्यांना जोडलेली एक प्लास्टिकची रीळ असते, तिच्यावर बारीक पोलादी तार गुंडाळलेली असते, ती तार लहान कप्प्यांवरून (पुलींवरून) फिरते आणि एक किंवा दोन उभ्या पट्ट्यांवरून वर-खाली जाणाऱ्या प्लास्टिकच्या स्लायडरना ओढते. काचेची खालची कड या स्लायडरमध्ये धरलेली असते. पुढच्या दारांत अनेकदा दोन पट्ट्या असतात, आणि त्यांपैकी एकीवरची तार तुटली किंवा स्लायडर फुटला की काच त्याच बाजूने लोंबते. आपली काच पुढे कलते, त्यामुळे पुढच्या पट्टीवरच काहीतरी तुटले असणार. करकर येते ती बहुधा तुटलेल्या तारेचे सुटे धागे रिळावर वेडेवाकडे गुंडाळले जात असल्यामुळे.

आवाजच आला नसता तर मी आधी फ्यूज पाहायला सांगितले असते, नंतर बटण, आणि मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात जाणाऱ्या तारा. दार उघडता-मिटताना या तारा रोज वाकतात आणि काही वर्षांनी तिथेच तुटतात. काच नुसतीच संथ चालत असती, तर काच जिच्यातून सरकते ती रबराची खाच तपासायला सांगितली असती. तुमच्याकडे यांपैकी काहीच नाही.

तारकर्ली, ७ जुलै, रात्री १०.०५

तोपर्यंत त्या बटणाला कोणीही हात लावू नये, मुलांना तर अवश्य सांगून ठेवावे. तुटकी तार आणखी गुंडाळली गेली तर रीळही फुटते, आणि चिकटपट्टीवर अडवलेली काच दाराच्या आत आपटू शकते.

वाशिष्ठी (चिपळूण), ७ जुलै, रात्री १०.४०

शॉकच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ही भीती मी अनेक चांगल्या कारागिरांच्या तोंडून ऐकली आहे आणि तिच्यामुळे लोकांची साधी कामे अडून राहतात.

इलेक्ट्रिक गाडीत दोन वेगळ्या विद्युत व्यवस्था असतात. गाडी चालवणारी मोठी बॅटरी साधारणपणे ३०० ते ४०० व्होल्टची असते. ती तळाशी बसवलेली असते आणि तिच्याकडून मोटार, चार्जर व एसीच्या कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या जाड तारांवर नारिंगी आवरण असते. दुसरी व्यवस्था १२ व्होल्टची, अगदी पेट्रोल-डिझेल गाडीसारखी. दिवे, वायपर, दारांची कुलुपे, आरशांच्या मोटारी आणि काचा या दुसऱ्या व्यवस्थेवर चालतात. दारात नारिंगी तार जात नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत ६० व्होल्टच्या पुढचा एकदिश प्रवाह उच्च दाबाचा मानतात, आणि दारातले १२ व्होल्ट त्याच्या पुष्कळ खाली आहेत. आपल्या फिटरनी डिझेल गाडीच्या दारात हाताळली, तीच वीज याही दारात आहे.

तरीही १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण तार सोडूनच काम करावे, आणि त्याचे कारण शॉक हे नाही. अनेक गाड्यांच्या पुढच्या दारात बाजूच्या धडकेचा दाब ओळखणारा संवेदक असतो, जो एअरबॅगशी जोडलेला असतो. गाडी चालू स्थितीत असताना त्याचा कनेक्टर काढला, तर निदान एअरबॅगचा दिवा तरी लागतो, आणि तो घालवण्यासाठी स्कॅनर लावावा लागतो. म्हणून गाडी पूर्ण बंद करावी, किल्ली गाडीबाहेर ठेवावी, बॉनेट उघडेच ठेवावे, ऋण तार सोडावी आणि काही मिनिटे थांबून मगच दाराला हात लावावा.

माडबन, ८ जुलै, सकाळी ७.३०

मी वेगळे मत मांडतो. वाशिष्ठी यांचे विजेबद्दलचे म्हणणे खरे आहे, परंतु बॅटरीची वॉरंटी चालू असताना बाहेरच्या माणसाने गाडी खोलणे मला योग्य वाटत नाही. उद्या बॅटरीत दोष निघाला आणि सेवा केंद्राने दारातल्या कामाकडे बोट दाखवले, तर ग्राहकाने कुणाकुणाशी भांडायचे? उशीर झाला तरी चालेल, काम अधिकृत ठिकाणीच व्हावे.

वाशिष्ठी, ८ जुलै, सकाळी ८.१५

माडबन, आपली काळजी रास्त आहे. पण दारातल्या काचेच्या यंत्रणेचा आणि मोठ्या बॅटरीचा संबंध नाही, आणि दोष जोडायचा तर दोन्हींमधला कार्यकारणसंबंध दाखवावा लागेल. सुरंगीताईंनी सेवा केंद्राला एक ईमेल लिहून सुटा भाग केव्हा मिळेल हे विचारावे आणि बाहेर काम करून घेतल्यास बॅटरीच्या वॉरंटीवर परिणाम होईल का, याचे उत्तर लेखी घ्यावे. तोंडी उत्तराला काही अर्थ नाही. शिवाय काम करताना फोटो काढून ठेवावेत आणि बिलावर भागाचा क्रमांक लिहून घ्यावा.

उशिराबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आम्ही गाड्यांची दारे खोलली, तेव्हा दाराच्या तळाशी गाळ बसला होता आणि पाणी जायची भोके बुजली होती. पाण्यातून गाडी काढली तेव्हा चालत असलेल्या काचा नंतर एकेक करून बंद पडल्या. उघड्या काचेने पावसात उभ्या असलेल्या गाडीत बटणांच्या पट्टीवर पाणी पडते, सीटमध्ये मुरते आणि गालिच्याखालच्या जोडण्यांपर्यंत जाते. सुटा भाग येईपर्यंत थांबण्याचीही किंमत असते.

पन्हळे, ८ जुलै, सकाळी ९.००

तातडीचा उपाय म्हणून मोटारीचा कनेक्टर काढून दोन तारांनी थेट बॅटरीची वीज दिली, तर काच वर नेता येते. माझ्या जुन्या गाडीत मी असेच केले होते.

रत्नदुर्ग, ८ जुलै, सकाळी ९.४५

पन्हळे, साध्या दोन तारांच्या मोटारीत हे चालते. तिथे बटण केवळ धन-ऋण उलटे करते आणि त्यानुसार मोटार उलट-सुलट फिरते. परंतु एका स्पर्शात पूर्ण वर जाणाऱ्या काचांच्या मोटारीतच बऱ्याचदा छोटे नियंत्रक बसवलेले असते. तिला सतत वीज मिळत असते आणि ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ हा आदेश वेगळ्या तारेवरून संदेशाच्या रूपाने येतो. अशा मोटारीच्या भलत्या पिनला थेट १२ व्होल्ट दिले, तर नियंत्रकच जळण्याचा संभव आहे. कनेक्टरमध्ये दोनपेक्षा अधिक तारा दिसल्या, तर ही युक्ती करू नये. शिवाय सुरंगीताईंची मोटार फिरतेच आहे, त्यामुळे तिला वीज देऊन काच वर येणार नाही.

कर्ली (मालवण), ८ जुलै, दुपारी २.२०

माझे मालवणजवळ गॅरेज आहे आणि दोन्ही प्रकारच्या गाड्यांची दारे मी खोलतो. हे काम कसे करतात ते सविस्तर लिहितो. आपल्या फिटरना वाचून दाखवावे. त्यातले पुष्कळसे त्यांना ठाऊक असेल, तरी काही गोष्टी नव्या गाड्यांत बदलल्या आहेत.

दाराचा आतला पॅड (आतल्या बाजूचे आवरण) काढण्यासाठी एक स्क्रू आतल्या हँडलच्या मागे आणि एक-दोन हात टेकण्याच्या जागी झाकणाखाली असतात. ते काढले की कडेने प्लास्टिकच्या चपट्या पट्टीने क्लिपा सोडवाव्यात, लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालू नये. मग पॅड वर उचलून काढावा, आणि तो हातात येताच ओढू नये, कारण मागे बटणांचे कनेक्टर आणि हँडलची तार जोडलेली असते. क्लिपा काही ना काही तुटतातच, म्हणून चार-सहा नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

पॅडच्या मागे प्लास्टिकचा कागद किंवा फोमचे पान काळ्या चिकट ब्युटिलने चिकटवलेले असते. काही गाड्यांत त्याऐवजी संपूर्ण प्लास्टिकची पाटी असते आणि रेग्युलेटर तिच्यावरच बसवलेला असतो. कागद फाडू नये, ब्युटिल पात्याने हळूहळू सोडवावे. त्यावर मी पुढे लिहिणार आहेच.

मग काच वर धरून चौकटीच्या दोन्ही बाजूंनी, आत आणि बाहेर, रुंद चिकटपट्टी वरून ओढून लावावी आणि नंतरच स्लायडरचे बोल्ट सैल करावेत. बहुतेक ठिकाणी दहाचा पाना लागतो. काचेला आधार न देता मोटारीचे स्क्रू कधीही सोडू नयेत, कारण मोटारीतला वर्म गिअरच काचेचे वजन धरून ठेवतो. तो सुटला की काच खाली येते. जुन्या धाटणीच्या कैचीसारख्या रेग्युलेटरमध्ये तर दाबलेली स्प्रिंग असते. मोटार काढण्याआधी दातेरी पट्टी बोल्ट घालून अडवली नाही, तर ती पट्टी जोराने फिरते आणि बोटे कापली जातात. तारेच्या रेग्युलेटरमध्ये तुटलेले धागे सुयांसारखे टोचतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत.

काही दारांत रेग्युलेटर बोल्टऐवजी पॉप रिव्हेटने बसवलेला असतो. ते ड्रिलने काढावे लागतात, आणि इथे आपल्या किनाऱ्यावर एक काळजी हवीच. ड्रिलचा लोखंडी भुगा दाराच्या तळाशी पडतो आणि खाऱ्या हवेत पाऊस संपायच्या आत तिथे गंज धरतो. चुंबक फिरवून आणि व्हॅक्यूमने तो पूर्ण काढावा, भोकांच्या उघड्या पत्र्याला गंजरोधक रंग लावावा आणि मगच त्याच मापाचे रिव्हेट मारावेत.

नवा रेग्युलेटर बसवताना वाहतुकीत तारेचा ताण टिकवण्यासाठी लावलेली क्लिप मोटार जोडेपर्यंत काढू नये. आधी काढली तर तार रिळावरून उतरते. बोल्ट हाताने लावून काच वरपर्यंत न्यावी, म्हणजे ती रबराच्या खाचेत आपोआप सरळ बसते, आणि त्या स्थितीतच बोल्ट घट्ट करावेत. काच खाली असताना घट्ट केले तर ती तिरकी बसते आणि नवी तारही लवकर झिजते. पॅड बसवण्याआधी काच वर-खाली करून पाहावी, आणि बॅटरीची तार पुन्हा जोडण्याआधी एअरबॅगच्या संवेदकाचा कनेक्टर बसला आहे याची खात्री करावी.

तारकर्ली, ८ जुलै, दुपारी २.४५

कर्ली, आपला हा प्रतिसाद इथल्या संग्रहात वेगळा ठेवण्यासारखा आहे. चाचणीबाबत एक भर घालतो. इलेक्ट्रिक गाडी ‘रेडी’ (चालवायला तयार) न करता केवळ वीज चालू ठेवून काच पुन्हा पुन्हा फिरवली, तर १२ व्होल्टची बॅटरी उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे संपर्क जोडण्याचे काम १२ व्होल्टवरच चालते. गाडी ‘रेडी’ असली म्हणजे मोठी बॅटरी लहानीला चार्ज करत राहते. मात्र तेव्हा गिअर ‘पार्क’मध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा.

कर्ली, ८ जुलै, रात्री ८.३०

आता पाण्याविषयी. माझ्या मते आपल्या भागात दाराच्या कामात रेग्युलेटरइतकेच महत्त्व या कागदाला आहे, आणि बहुतेकजण तोच निष्काळजीपणे परत लावतात.

काचेच्या बाहेरच्या रबरी पट्टीतून पावसाचे थोडे पाणी दारात जाणारच. दार तसेच बनवलेले असते. काचेच्या बाजूचा कप्पा ओला होणार आणि पाणी तळाच्या भोकांतून बाहेर पडणार, अशी योजना असते. प्लास्टिकचा कागद हा त्या ओल्या कप्प्याची आणि गाडीच्या कोरड्या भागाची सीमा आहे. तो कुठे फाटला, किंवा खालच्या कडेला त्याचे ब्युटिल उचलले गेले, की पाणी पॅडच्या मागून थेट गालिच्यावर उतरते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा बोटभर उघडी राहिलेली कडही पुरेशी ठरते. मग ग्राहक दोन महिन्यांनी ‘गाडीला कुबट वास येतो’ म्हणून येतो आणि कारण दारात आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पेट्रोल गाडीत यामुळे गालिचा कुजतो. इलेक्ट्रिक गाडीतही १२ व्होल्टच्या जोडण्या गालिच्याखाली असतात, आणि तिथल्या ओलीने जे बिघाड होतात ते शोधणे फार अवघड असते.

म्हणून जुने ब्युटिल मळलेले असेल तर सगळे काढून पत्रा स्पिरिटने पुसावा आणि नवी ब्युटिल पट्टी लावावी. सिलिकॉन सीलंट लावू नये, कारण पुढच्या वेळी तो सुटत नाही आणि कागद फाटतो. दार खोललेले असतानाच तळाची भोके मऊ तारेने मोकळी करावीत. फेरीबोटीने नियमित जाणाऱ्या गाड्यांच्या दारांत खारे तुषार बसतात, त्यासाठी आतला तळ गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, जोडावर मेणासारखा गंजरोधक स्प्रे मारावा. हे पाणी मोटारीवर आणि कनेक्टरवर मात्र जाऊ देऊ नये.

शेवटी कागद लावल्यावर, पॅड बसवण्याआधी, काच बंद करून बाहेरून पाणी ओतावे आणि आतल्या बाजूने एकही थेंब येत नाही हे डोळ्यांनी पाहावे. फार तर दहा मिनिटे जातात.

हर्णैकर, ९ जुलै, सकाळी ६.५०

आमच्याकडे काच जड झाली की रबराच्या खाचेत खोबरेल तेल सोडतात. ते चालते का?

रत्नदुर्ग, ९ जुलै, सकाळी ७.२०

पहिले काही दिवस बरे वाटते, नंतर खोबरेल चिकट होते आणि तांबडी धूळ धरून ठेवते. ती धूळ काचेला घासते, मोटारीवर ताण येतो आणि शेवटी तार तुटते. इंजिनऑइल किंवा ग्रीसही नको, कारण या खाचांचे रबर खनिज तेलाने फुगते. आधी ओल्या फडक्याने खाच पुसून, वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारावा. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा मारला तरी पुरे.

माडबन, ९ जुलै, सकाळी ८.००

कर्ली यांचा प्रतिसाद वाचून माझा विरोध बराच मावळला. लेखी उत्तर घ्यावे ही सूचना मात्र कुणी सोडून देऊ नये. मूळ धाग्यातला एक प्रश्न अजून अनुत्तरित आहे : नुसती तार बदलता येते का?

कर्ली, ९ जुलै, सकाळी १०.१०

येते. तार, रीळ आणि स्लायडर यांचे संच बाजारात मिळतात आणि स्वस्तही असतात. पण रीळ झिजलेली असेल, पट्टी वाकलेली असेल किंवा गंजामुळे खरखरीत झाली असेल, तर नवी तार फार दिवस टिकत नाही. तारेचा ताण हाताने नेमका जुळवणेही कौशल्याचे काम आहे. खाऱ्या हवेत वापरलेल्या गाडीसाठी मी पूर्ण रेग्युलेटर घ्या असेच सांगतो, आणि मोटार चांगली असेल तर तीच नव्यावर बसवतो. त्याने खर्च कमी होतो. मागवताना डावे-उजवे आणि पुढचे-मागचे दार नीट कळवावे, आणि जुन्या भागावरचा क्रमांक जुळवून घ्यावा. त्याच मॉडेलच्या पेट्रोल आवृत्तीत दार तेच असेल, तर तिचा रेग्युलेटरही पुष्कळदा बसतो, पण क्रमांक एकच असेल तरच घ्यावा. भंगारातला जुना रेग्युलेटर घेऊ नये. त्याची तार किती झिजली आहे ते कळत नाही.

पन्हळे, ९ जुलै, सकाळी ११.३०

माझ्या मेहुण्याच्या गाडीत रेग्युलेटर बदलल्यावर काच वरपर्यंत जाऊन पुन्हा अर्धी खाली येऊ लागली. भाग सदोष असेल का?

रत्नदुर्ग, ९ जुलै, दुपारी १२.१५

बहुधा नाही. अशा मोटारी आपल्या फेऱ्या मोजून काच कुठे आहे हे लक्षात ठेवतात आणि वाटेत अनपेक्षित अडथळा जाणवला की काच मागे फिरवतात. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २१ क्रमांकाच्या नियमानुसार आणि अमेरिकेच्या ११८ क्रमांकाच्या वाहन-सुरक्षा मानकानुसार स्वयंचलित बंद होणाऱ्या काचेने अडथळ्यावर १०० न्यूटनहून अधिक जोर लागण्याआधी मागे फिरायला हवे. म्हणजे सुमारे दहा किलो वजनाएवढा जोर. मुलांचे हात वाचावेत म्हणून ही सोय आहे. भाग बदलल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर मोटारीला वरची मर्यादा नव्याने शिकवावी लागते, नाहीतर चौकटीलाच ती अडथळा समजते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरावे, मग पूर्ण खाली नेऊन दाबून धरावे. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते. ते करूनही काच परतली, तर ती तिरकी बसली आहे का किंवा खाच कोरडी आहे का, ते पाहावे. शिकवणी पूर्ण होईपर्यंत ही संरक्षक सोय काम करेलच असे नाही, म्हणून कुणाचाही हात काचेजवळ असू नये.

सुरंगी, १९ जुलै, रात्री ८.४०

सर्वांचे मनापासून आभार. सेवा केंद्राकडून लेखी उत्तर आले : बाहेर बसवलेल्या भागाची जबाबदारी त्यांची नाही, पण दारातल्या या कामाचा बॅटरीच्या वॉरंटीशी संबंध नाही. मग क्रमांक जुळवून रेग्युलेटर मागवला. आमच्या फिटरना हा धागा वाचून दाखवला. दारात नारिंगी तार नाही हे त्यांनी स्वतः पाहिले आणि मग काम हाती घेतले.

रत्नदुर्ग यांचे निदान बरोबर निघाले. पुढच्या पट्टीवरची तार स्लायडरजवळ तुटली होती आणि धागे रिळात अडकले होते. दार बोल्टचे होते, ड्रिल लागले नाही. तळाच्या दोन भोकांपैकी एक तांबड्या मातीने पूर्ण बुजलेले होते आणि रेग्युलेटरच्या खालच्या टोकावर गंज होता. कागदाला नवे ब्युटिल लावले, पाणी ओतून पाहिले, आत काही आले नाही. काच शिकवल्यावर एका स्पर्शात वर जाते. एअरबॅगचा दिवा लागलेला नाही.

एक शंका राहते. उरलेल्या तीन दारांचे पॅड आताच काढून तळ साफ करावा का?

कर्ली, १९ जुलै, रात्री ९.२५

पॅड आता काढू नका, चांगला बसलेला कागद पावसाळ्यात उचलण्याचे कारण नाही. तळाची भोके बाहेरूनही मोकळी करता येतात : दार उघडून खालच्या कडेला बोटाने चाचपा, भोक सापडले की प्लास्टिकची बारीक पट्टी आत फिरवा आणि पाणी सुटते का ते पाहा. पाणी साचलेले निघाले तर त्या दाराचा पॅड दिवाळीनंतर कोरड्या हवेत काढा. तेव्हा फिटरना चारही दारांच्या खाचांना सिलिकॉनही मारायला सांगा.